सातव्या मजल्यावरचा बोका: सदनिकेतील पाळीव प्राण्याच्या निवडीचे आणि सांभाळाचे एक प्रकरण

डोंबिवली पूर्वेतील एका सात मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाने पाळीव प्राणी कसा निवडला, त्यासाठी घरात कोणते बदल केले आणि पुढच्या दीड वर्षात काय काय निभावले, याची ही नोंद आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. प्राणी दत्तक देण्याच्या कामात असल्यामुळे निवडीच्या वेळी आणि नंतरच्या पाठपुराव्यात माझा सहभाग होता.

कुटुंब आणि मागणी

घर ६२० चौरस फुटांचे, दोन शयनखोल्यांचे आणि स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी असलेले. आई आणि वडील दोघेही नोकरीसाठी मुंबईला जातात. सकाळची फास्ट लोकल गाठण्यासाठी साडेसातला घर सोडतात आणि रात्री आठच्या आत क्वचितच परततात. मुलगी तेव्हा सातवीत होती. शाळा आणि शिकवणी यांतून ती सहाच्या सुमारास मोकळी होत असे. दिवसभर घरात असतात त्या फक्त आजी. त्यांचे वय ७१, दोन्ही गुडघे झिजलेले, आणि लिफ्ट बंद असेल त्या दिवशी त्या खाली उतरत नाहीत. घरात मांसाहार होत नाही.

मागणी मुलीची होती आणि ती लॅब्रॅडॉरच्या पिल्लाची होती. वडिलांनी एका विक्रेत्याकडे पिल्लू पाहून ठेवले होते आणि टोकन देण्याच्या बेतात ते होते. ते पिल्लू पाच आठवड्यांचे होते. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. या विक्रेत्याकडे नोंदणी नव्हती. नियम बाजूला ठेवला तरी, भावंडांशी खेळताना किती जोराने चावायचे आणि कुठे थांबायचे हे पिल्लू ज्या आठवड्यांत शिकते ते आठवडेच त्याच्याकडून हिरावले जात होते, आणि असे पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे होण्याचा धोका वाढतो. वडिलांना हे पटले आणि टोकन दिले गेले नाही.

घराचा दिवस

सदनिकेत प्राणी आणू पाहणारी माणसे बहुधा जागेविषयी विचारतात: एवढ्याशा घरात तो मावेल का? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. पुरेसे फिरवून आणलेला मोठा कुत्रा लहान घरात तासन्‌तास शांत पडून राहतो, तर आकाराने लहान असलेला बीगल कंटाळला की भुंकून मजला डोक्यावर घेतो. सदनिकेतला प्राणी खरोखर ज्यावर जगतो तो घराचा दिवस: कोण कधी घरात असते, त्या वेळी त्या माणसाच्या अंगात किती त्राण असते, आणि काही बिघडले तर ते कोणाच्या लक्षात येईल. म्हणून या कुटुंबाला मी सर्वप्रथम एका कागदावर चोवीस तासांचे वेळापत्रक लिहायला सांगितले आणि प्रत्येक तासापुढे घरात असलेल्या माणसाचे नाव घालायला सांगितले. सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा या साऱ्या तासांपुढे एकच नाव आले. ते आजींचे होते, आणि तोपर्यंत या विषयात आजींना कोणी काही विचारले नव्हते.

त्या कागदावर लॅब्रॅडॉर बसवून पाहिला तेव्हा अडचण स्पष्ट झाली. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोन-तीन तासांनी लघवी करावी लागते. लसींचे सर्व डोस साधारण चार महिन्यांच्या वयापर्यंत पूर्ण होतात, आणि तोवर भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या आवारात त्याला खाली सोडणे पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूच्या संसर्गामुळे जोखमीचे असते. म्हणजे ते सगळे आठवडे सारे काही घरातल्या गुळगुळीत लादीवर होणार, आणि ते पुसायला वाकणाऱ्या असणार आजी. पुढे हाच कुत्रा २५ ते ३५ किलोंचा होतो. त्याने खाली मांजर पाहून पट्ट्याला एक हिसका दिला तर झिजलेल्या गुडघ्यांचे माणूस उभे राहू शकत नाही. आई-वडिलांनी पहाटे आणि रात्री फिरवायचे ठरवले असते तरी मधले बारा तास उरतच होते. वयाने मोठा आणि शांत स्वभावाचा देशी कुत्रा हा पर्यायही आम्ही गांभीर्याने तपासला, कारण आपल्या हवेत देशी कुत्रा उत्तम राहतो आणि आश्रयस्थानांत असे अनेक कुत्रे वाट पाहत असतात. पण दुपारच्या फेरीचा प्रश्न त्यालाही लागू होता. माणूस लावून फिरवता आले असते. मात्र प्राण्याची रोजची मूलभूत गरज ज्या घराला पहिल्या दिवसापासून बाहेरच्या माणसावर सोपवावी लागते, त्या घरात कुत्रा देताना मी हात आखडता घेतो.

आजींनी पोपट सुचवला, कारण त्यांच्या माहेरी पोपट होता. आपल्याकडचा हिरवा पोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे पुष्कळ घरांना आजही ठाऊक नाही. तारा कासवालाही तोच कायदा लागू होतो. मत्स्यालयाच्या दुकानात नाण्याएवढी दिसणारी लाल कानांची परदेशी कासवे पुढे ताटलीएवढी होतात, वीस-तीस वर्षे जगतात, आणि त्यांच्या पाण्यातून साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जीवाणूचा संसर्ग होऊ शकतो. त्यांना कंटाळून लोक तलावात सोडतात आणि तिथल्या मूळच्या कासवांवर संकट आणतात. हे पर्याय लवकर मिटले.

उरले मांजर. त्याला फिरवावे लागत नाही, ते शरीरधर्मासाठी ट्रे वापरते, दिवसाचा मोठा भाग झोपून काढते आणि पहाटे व संध्याकाळी जागे असते, म्हणजे नेमके आई-वडील आणि मुलगी घरी असताना. मुलीला प्रथम हे पटले नाही. तिला बोलावल्यावर धावत येणारा प्राणी हवा होता, आणि तिची ही इच्छा खोटी नव्हती. तिला आम्ही एका तात्पुरत्या सांभाळाच्या घरी नेले आणि तिथल्या मांजरांमध्ये बसू दिले. तिथे तीन वर्षांचा, निर्बीजीकरण झालेला, राखाडी पट्ट्यांचा एक बोका होता. तो कोणाच्या मांडीत बसत नसे, पण माणूस ज्या खोलीत असेल त्या खोलीत येऊन हातभर अंतरावर बसत असे.

पिल्लाऐवजी वयात आलेला बोका सुचवण्यामागे विचार होता. मांजराचे एकटे पिल्लू पडद्यांवर चढते, पायांवर झडप घालते आणि रात्री धावते. ते आजींच्या पायांत आले असते. मोठ्या मांजराचा स्वभाव मात्र पाहून घेता येतो. या बोक्याची रक्ततपासणी, रेबीजची लस आणि मांजरांच्या आजारांची संयुक्त लस झालेली होती. प्रथम पंधरा दिवस तात्पुरता सांभाळ आणि मग निर्णय, असे ठरले. ही मुदत मी नेहमी देतो, कारण नाही म्हणण्याची मोकळीक असलेले कुटुंब अडचणी लपवत नाही.

स्वयंपाकघर

या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग खाण्याचा होता आणि त्यावर सर्वाधिक बोलणे झाले. आजींचा प्रश्न सरळ होता: दूध-भात, पोळी-दूध यावर मांजर राहत नाही का? पूर्वी राहायचे ते वाडे, गोठे आणि कोठारे यांच्या आधाराने. दूध-भात दिसत होता, उंदीर-पाली दिसत नव्हत्या. मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही आणि तो मुख्यतः मांस-मासळीतून मिळतो. तो कमी पडला तर दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू निकामी होऊ लागतात. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. सातव्या मजल्यावर बंद असलेल्या मांजराला शिकार नाही, त्यामुळे ताटलीत जे पडेल तेवढेच त्याचे अन्न.

हे सांगून मी स्पष्ट म्हटले की घरात मांसयुक्त खाद्य आणणे श्रद्धेला मान्य नसेल तर मांजर घेऊ नये, आणि त्यात कोणाचाही दोष नाही. मांजराला शाकाहारी करण्यापेक्षा मांजर न आणणे अधिक दयेचे आहे. आजींनी दोन दिवस मागितले. त्यानंतर व्यवस्था त्यांनीच सांगितली: तयार खाद्याची पाकिटेच आणायची, घरात काही शिजवायचे नाही, पाकिटे, वाटी आणि चमचा ड्राय बाल्कनीतल्या वेगळ्या फळीवर ठेवायचे, तिथल्याच नळाखाली धुवायचे, आणि गौरी-गणपतीच्या दिवसांत बोक्याचे खाणे शयनखोलीत हलवायचे. ज्या माणसाच्या मर्यादा आहेत त्याच माणसाने आखलेली व्यवस्था टिकते. दीड वर्षात तिच्यात बदल करावा लागलेला नाही.

खिडक्या

बोका येण्याआधी खिडक्यांचे काम पूर्ण झाले पाहिजे, ही आमची अट होती. मांजर कुठूनही पडले तरी चार पायांवर पडते, असे म्हणत वडील प्रथम हा खर्च टाळू पाहत होते. मांजर हवेत अंग वळवते हे खरे. पण जमिनीचा आघात पाय शोषून घेतात त्याहून कितीतरी मोठा असतो. उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदींचा न्यूयॉर्कमधील पशुवैद्यकांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात सर्वांत अधिक उद्धृत होतो. उपचारांनंतर त्यांतली बहुतेक वाचली, एवढेच लोक लक्षात ठेवतात. छाती आणि जबडा यांच्या दुखापती त्यांत मोठ्या प्रमाणावर होत्या, आणि जी मांजरे दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत ती या आकड्यात येत नाहीत, हे मात्र सांगितले जात नाही.

कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजराला दातांनी कुरतडता येते आणि उन्हाने ती काही वर्षांत कुजते. हल्ली नव्या इमारतींत तारांची ‘इनव्हिजिबल ग्रिल’ बसवतात. तिच्या तारांमधले दोन-तीन इंचांचे अंतर लहान मुलासाठी सुरक्षित असले तरी सडपातळ मांजर त्यातून निघू शकते. म्हणून स्टीलच्या बारीक जाळीच्या चौकटी करून त्या खिडक्यांच्या आतल्या बाजूने स्क्रूने बसवल्या. हॉलच्या खिडकीत, आतल्या बाजूला, बसण्यासाठी एक रुंद फळीही ठोकली, कारण घराबाहेर न जाणाऱ्या मांजराला उंचावरून बाहेर पाहता येणे ही चैन नव्हे, गरज आहे. जाळी आतून बसवण्याचा फायदा पुढे अनपेक्षितपणे झाला.

सोसायटी

बोका आल्यावर महिन्याभरात कार्यकारिणीचे पत्र आले: पूर्वपरवानगी न घेता प्राणी आणला आहे, ना-हरकत मिळवावी आणि अनामत रक्कम भरावी. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, बहुमताने ठराव केला तरी रहिवासी संस्थेला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असे नमूद केले आहे. सदनिकांत पाळीव प्राणी ठेवण्यास सरसकट मनाई करणारी उपविधींतील कलमे केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बेकायदा ठरवली. तो निर्णय महाराष्ट्रात थेट बंधनकारक नसला तरी त्याचे तर्क इथेही मांडता येतात.

वडिलांनी उत्तर लिहिले. त्यात कायद्याचा उल्लेख एका परिच्छेदात ठेवला आणि उरलेल्या पत्रात सोसायटीला खरोखर हव्या असलेल्या गोष्टी सांगितल्या: लसीकरण आणि निर्बीजीकरणाच्या प्रती जोडल्या आहेत, बोका घराबाहेर पडणार नाही, वापरलेले लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची माती, संडासात टाकले जाणार नाही आणि बंद पिशवीतून दिले जाईल. अनामत मात्र भरली नाही, आणि ते योग्यच झाले, असे मला वाटते. एका घराने भरलेली रक्कम पुढच्या प्रत्येक घराला नियम म्हणून दाखवली जाते. कार्यकारिणीने तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

शेजाऱ्यांच्या दोन तक्रारी मात्र ऐकून घेण्यासारख्या होत्या. लिटरची पिशवी रात्री दाराबाहेर ठेवली जात असे आणि सकाळी सफाई कामगार येईपर्यंत मजल्यावर वास सुटत असे. ही चूक कुटुंबाची होती. झाकणाची बादली घरातच ठेवून पिशवी सकाळी हातात देण्याची पद्धत सुरू झाली तेव्हा वास थांबला. दुसरी शंका खालच्या मजल्यावरच्या गरोदर वहिनींची होती. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा गर्भाला अपाय करणारा परजीवी पसरतो हे त्यांनी वाचले होते. तो धोका खरा आहे, पण संसर्ग हवेतून किंवा भिंतीतून होत नाही; विष्ठेतील बीजांडे संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे ट्रे रोज साफ झाला तर ती शक्यता फार घटते, आणि कच्चे मांस न खाणाऱ्या, शिकार न करणाऱ्या मांजरात ती आणखी कमी असते. त्या वहिनींशी मुलीची आई स्वतः जाऊन बोलली. त्यांच्या डॉक्टरांनीही हेच सांगितल्यावर त्यांची काळजी मिटली.

लघवीचा अडथळा

बोका येऊन वर्ष होत आले तेव्हा इमारतीच्या दुरुस्तीचे काम निघाले. बाहेरून बांबूची परांची चढली, भिंती फोडण्याचा आवाज सकाळी नऊ ते सहा चालू राहिला, आणि खिडकीपाशी अनोळखी माणसे दिसू लागली. जाळ्या आतून असल्यामुळे त्या काढाव्या लागल्या नाहीत. शेजारच्या इमारतीत बाहेरच्या जाळ्या महिनाभर उतरवल्या होत्या. बोक्याने मात्र खिडकीतली फळी सोडली. तो दिवसभर पलंगाखाली राहू लागला आणि पाण्याच्या वाटीकडे रात्रीच फिरकू लागला. त्याचे खाणे बहुतांश कोरडे होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी आजींच्या लक्षात आले की तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो आणि ट्रे कोरडाच राहतो. पोट साफ होत नसावे असे वाटून त्यांनी एरंडेल द्यायचा विचार केला. पण फ्रिजच्या दारावर लावलेल्या यादीत बोका ट्रेमध्ये बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल तर तासभरही थांबू नये, असे लिहिले होते. त्यांनी सुनेला फोन केला आणि सुनेने मला. शेजारच्या घरातल्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलाने बोक्याला कॅरिअरमध्ये घालून रिक्षाने दवाखान्यात नेले. मूत्राशय दगडासारखे टणक झाले होते.

बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. स्फटिक, आतल्या अस्तरातून निघालेला गाळ किंवा सूज यांमुळे तो बंद होतो तेव्हा रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि हृदयाची लय बिघडते. उपचार मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसांत प्राणी दगावू शकतो. ताण, कमी पाणी आणि केवळ कोरडे खाद्य ही त्यामागची ओळखीची कारणे आहेत, आणि या घरात तिन्ही एकत्र आली होती. पशुवैद्यांनी गुंगी देऊन नळी घातली, सलाइन लावले आणि तीन दिवस दवाखान्यात ठेवले. संध्याकाळी आठला आई-वडील परतेपर्यंत हे कोणाच्या लक्षात आले नसते तर मधले तास वाया गेले असते. आजी त्या वेळी घरात होत्या आणि त्यांना काय पाहायचे हे ठाऊक होते.

घरी आल्यावर कोरडे खाद्य निम्म्यावर आणून उरलेले ओले खाद्य सुरू केले, पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी आणि खाण्यापासून दूर ठेवल्या, आणि काम संपेपर्यंत परांची नसलेल्या बाजूची खोली बोक्याला दिली. ओल्या खाद्यामुळे महिन्याचा खर्च सुमारे २,००० रुपयांवरून ३,००० च्या आसपास गेला. दवाखान्याचे बिल यापेक्षा पुष्कळ मोठे होते, आणि ते दुसऱ्या कुठल्या कामासाठी साठवलेल्या रकमेतून द्यावे लागले. दत्तक देताना अचानक येणाऱ्या खर्चासाठी वेगळी रक्कम ठेवण्याचा आग्रह आम्ही आता अधिक धरतो.

सध्याची स्थिती

बोका आता साडेचार वर्षांचा आहे आणि त्याचे वजन पाच किलोंच्या आत राखले आहे. मुलगी नववीत गेली आहे. सकाळी ट्रे साफ करणे आणि रात्री दोरीला बांधलेल्या पिसाने त्याला दहा मिनिटे पळवणे ही दोन्ही कामे तिने सोडलेली नाहीत. बोलावल्यावर तो धावत येत नाही, पण ती अभ्यासाला बसली की टेबलाच्या कडेला येऊन बसतो. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाच्या तासांत त्याला आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही लावून ठेवतात. पाय अडकून आजी पडू नयेत म्हणून बोळात रात्रभर मंद दिवा असतो.

येत्या हिवाळ्यात आजींच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यामुळे चोवीस तासांचा तो कागद कुटुंबाने पुन्हा काढला आहे. आजी रुग्णालयात असतील ते दिवस आणि त्यानंतरचे दोन आठवडे आईने रजा टाकली आहे. पुढे आजी वॉकरवर असेपर्यंत बोका दुपारी त्यांच्या खोलीत राहणार नाही, आणि ज्याने त्याला रिक्षाने नेले होते तो शेजारचा मुलगा रोज एक वाजता येऊन वाटी भरेल, ट्रेमध्ये ओले गोळे दिसतात का ते पाहील आणि नसतील तर लगेच आईला कळवेल. त्यासाठी त्याला किल्ली दिली आहे, आणि फ्रिजवरच्या यादीची एक प्रतही.